भिंत मुलांची आहे, चित्रही त्यांचेच असू द्या
(मंडळाच्या श्रावणातील सभेत केलेले भाषण)

अध्यक्षमहोदय, ज्येष्ठ सभासद, आणि मागे दाराशी उभी राहून एकमेकांना कोपरखळ्या मारणारी आमची मुले,

शाळेच्या कुंपणाच्या लांब भिंतीवर चित्र काढू द्या, असा अर्ज आपल्या भागातल्या मुलांनी महानगरपालिकेकडे केला, हे तुम्हाला ठाऊक आहे. अर्ज खंडेराव मार्केटात पोचला. विचार चालू आहे. शेजारची संस्था म्हणून आपले संमतीपत्र मागितले आहे आणि ते अजून गेलेले नाही, कारण मुलांचा आराखडा पाहून आपल्यातच कुरबुर झाली. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली म्हणून अध्यक्षांनी मला बोलायला उभे केले.

आराखड्यात विश्वामित्रीचा पूर आहे. जिन्यावर सामान घेऊन बसलेली माणसे आहेत. आणि फाटकातून आत शिरलेली एक मगर. मगर उत्तम जमली आहे. माणसांचे चेहरे मात्र सगळे सारखे झालेत, ते मी मुलांना सांगितले आहे. पण आपली तक्रार चेहऱ्यांबद्दल नव्हती. आपण म्हणालो, बडोदे दाखवायचे तर राजवाडा दाखवा, न्यायमंदिर दाखवा, सयाजीराव महाराज दाखवा, मगर कशाला?

महाराजांचेच उदाहरण घेऊ. कीर्तिमंदिर त्यांनी गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी बांधले. तिथल्या भिंती 1939 ते 1946 या काळात नंदलाल बोसांनी रंगवल्या, शांतिनिकेतनातले आपले विद्यार्थी हाताशी घेऊन. काय आहे त्या भिंतींवर? गंगावतरण, मीराबाईचे चरित्र, टागोरांच्या नटीर पूजेतला प्रसंग आणि महाभारताचे युद्ध. राजघराण्याचे स्मारक, पण या चार भिंतींवर दरबार भरलेला नाही. महाराज स्वतः 1939च्या फेब्रुवारीतच गेले. तरीही घराण्याने बंगालच्या चित्रकाराला बडोद्यातली भिंत दिली आणि पुढे इतकी वर्षे धीर धरला. आपण एका कुंपणासाठी किती अटी घालतो आहोत!

रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात आपल्यापैकी किती जण गेले आहेत, हात वर करा पाहू. बघा, मुलांचेच हात जास्त. दिवाण भाऊ तांबेकरांचा हा वाडा. भिंतींवर पुराणकथा आहेत, तशी मराठ्यांची आणि इंग्रजांची लढाईही आहे. आज आपल्याला तो प्राचीन ठेवा वाटतो. ज्यांनी ती चित्रे काढली त्यांच्यासाठी ती लढाई दोन-तीन पिढ्यांमागची, घरात ऐकलेली गोष्ट होती. या मुलांना 2024च्या ऑगस्टमधला पूर कुणी सांगावा लागत नाही. त्यांनी तो गच्चीवरून पाहिला आहे.

आता ज्यावरून खरा आवाज चढला त्याकडे येतो. चित्रात जिन्यावरची आजी ओरडते आहे, "पाणी आलं, वर या!" शब्द मराठी, पण मुलांनी लिहिले आहेत गुजराती लिपीत. गेल्या सभेत एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना मी दादा म्हणतो, ते यावर उठून गेले. त्यांचे दुःख मला कळते. चार-पाच पिढ्या इथे राहून आपण भाषा टिकवली आणि आता अक्षरही जाणार का, असे त्यांना वाटले.

पण दादा, ही गोष्ट भिंतीवर यायच्या आधी आपल्या घरात आली आहे. माझी नात आरती खणखणीत म्हणते आणि तिच्या हातातला कागद गुजराती लिपीत असतो. तिच्या आईनेच तो लिहून दिला. शाळेत ती गुजराती आणि इंग्रजी वाचते, मराठी तिने कानाने उचलली. आपल्या आजोबांचे जमाखर्च मोडीत होते. ते आपल्यापैकी कुणाला वाचता येतात? तेव्हा बाळबोध लिपी आली म्हणून मराठी बाटली, असे कुणी म्हणाले नाही. लिपीची मला काळजी नाही असे नाही. देवनागरी शिकवायची तर रविवारचा वर्ग पुन्हा सुरू करा, मी शिकवायला येतो. तो वर्ग आपण बंद पाडला, मुलांनी नव्हे. भिंतीवर मात्र ती आजी जशी त्यांच्या कानात ओरडते तशी ओरडू द्या. येणारे-जाणारे गुजराती शेजारीही ती वाचतील आणि हसतील. पुरात त्यांनीच आपल्याला दूध आणून दिले होते.

चित्र खराब होईल, लोक थुंकतील, हीही भीती आहे. त्यावर देवांच्या टाइल्स लावाव्यात अशी सूचना आली. देवाला पहारेकऱ्याच्या नोकरीवर ठेवणे मला पटत नाही. थुंकीपेक्षा मला ओलीची भीती अधिक आहे. मी भिंत पाहून आलो. खालच्या हातभर भागाला लोणा लागला आहे, नखाने गिलावा सुटतो. त्यावर रंग लावला तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत पोपडे पडतील. म्हणून घाईने गणपतीत उद्घाटन नको. पाऊस जाऊ द्या, ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वाळू द्या, सैल गिलावा खरवडून नवा करा, मग अस्तर आणि मग रंग. गिलाव्याचे काम पालिकेनेच करून द्यावे, आणि दर दोन वर्षांनी डागडुजीसाठी थोडी रक्कम धरावी, एवढे दोन मुद्दे आपल्या पत्रात घाला. स्थायी समितीपुढे विषय जाईल तेव्हा कुणी ना कुणी हा प्रश्न विचारणारच. देणगीदारांची नावे एका कोपऱ्यात, छोट्या पाटीवर. मगरीच्या अंगावर नकोत.

आणि चित्र काढणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव खाली लिहा. तांबेकरांचे नाव आपल्या तोंडी आहे, वाडा रंगवणाऱ्यांपैकी एकाचे तरी आहे का?

संमतीपत्र त्या टेबलावर ठेवले आहे. अकरा सह्या लागतात, सात झाल्या आहेत. दादा आज आले आहेत, त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसते. मी आता तिथे जाऊन बसतो.