जन्मानंतर मावळणारं प्रथिन

आईच्या पोटात असताना बाळाचं यकृत एक प्रथिन भरपूर तयार करतं: अल्फा फीटोप्रोटीन, डॉक्टरांच्या तोंडी एएफपी. जन्मानंतर ते जवळजवळ मावळतं. १९६३ साली मॉस्कोत गॅरी अबेलेव्ह यांना यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांच्या रक्तात ते पुन्हा सापडलं. निरोगी प्रौढात ते मिलिलिटरला साधारण १० नॅनोग्रॅमच्या आत असतं. कर्करोगात ४००च्या वर गेलं, तर आजार बहुधा आक्रमक. गाठ काढल्यावर हा आकडा साधारण पाच-सहा दिवसांत निम्म्यावर यायला हवा. तो अडला किंवा पुन्हा चढला, की डॉक्टर स्कॅनकडे वळतात. मात्र बऱ्याच रुग्णांत तो वाढतच नाही, आणि गरोदरपणात, आजार नसतानाही, वाढतो! म्हणून सिरोसिस (यकृतात व्रण पडून ते घट्ट होणं) असलेल्यांनी, ज्यांना या कर्करोगाचा धोका जास्त असतो, निव्वळ रक्ततपासणीवर विसंबू नये. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीही करून घ्यावी.