आपत्तीची भरपाई कोणाच्या पदरात पडते?

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



अवर्षण आणि महापूर गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाहीत, असे नेहमी सांगितले जाते. परंतु आपत्तीनंतर सरकारी तिजोरीतून निघणारा पैसा तो भेद अचूक करतो. अमेरिकेतील पीक-भरपाईचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

1973 च्या शेती कायद्याने तेथे गहू, मका-ज्वारीसारखी धान्ये व कापूस यांच्यासाठी आपत्ती-भरपाईची तरतूद झाली. पेरणीच होऊ शकली नाही, किंवा उतारा नेहमीच्या दोन-तृतीयांशाहून कमी आला, तर शेतकऱ्याला रक्कम मिळू लागली. मात्र ती मिळे ती सरकारने मंजूर केलेल्या एकरांच्या कोट्यावर. ज्याचा कोटा मोठा त्याची भरपाई मोठी. मग हा कोटा कोणाच्या हाती होता?

अमेरिकेत राज्याच्या खालोखालचा प्रशासकीय घटक म्हणजे काउंटी. प्रत्येक शेतीप्रधान काउंटीत शेतकऱ्यांनी निवडलेली समिती हा कारभार पाही. कागदोपत्री ही लोकशाहीच होती. मिसिसिपी राज्यातील होम्स काउंटी पाहा. येथील बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची. 1940 च्या सुमारास संघ सरकारने माइलस्टन येथील मळ्यांची जमीन विकत घेऊन दीर्घ मुदतीच्या कर्जावर कृष्णवर्णीय कुटुंबांना दिली. जमीन स्वतःची असल्यामुळे मळेवाला या कुटुंबांना घराबाहेर काढू शकत नव्हता. म्हणूनच एप्रिल 1963 मध्ये मतदार-नोंदणीसाठी लेक्सिंग्टनच्या कचेरीत जाण्याचे धैर्य प्रथम त्यांनीच दाखविले. 1964 साली नागरी हक्क चळवळीने मिसिसिपीतील या शेती समित्यांच्या निवडणुकांतही कृष्णवर्णीय उमेदवार उभे केले. कापसाचा कोटा ज्या समित्या वाटत होत्या, त्यांवर गोऱ्या मळेवाल्यांचे वर्चस्व होते, हे चळवळीने नेमके ओळखले होते.

अन्याय झालेल्याने दाद कोठे मागावी? शेती खात्यातील नागरी हक्कांच्या तक्रारींची चौकशी करणारी यंत्रणा 1983 मध्ये, रेगन यांच्या कारकिर्दीत, मोडीत काढली गेली. 1981 ते 1996 या काळातील पक्षपाताबद्दल कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी दावा लढविला. कर्जाबरोबरच आपत्ती-मदतही त्या दाव्यात होती. 1999 मध्ये तडजोड झाली. उरलेल्या दावेदारांसाठी 2010 मध्ये आणखी 1.25 अब्ज डॉलर मान्य झाले. परंतु तोवर फार उशीर झाला होता. 1920 मध्ये सव्वानऊ लाखांच्या घरात असलेले कृष्णवर्णीय शेतकरी 1992 च्या गणनेत एकोणीस हजारांच्या आतच उरले होते.

दरम्यान 1980 च्या कायद्याने थेट भरपाईऐवजी पीक-विम्याचा मार्ग धरला. 2000 पासून विम्याच्या हप्त्याचा सरासरी 60 टक्क्यांच्या आसपास भार सरकार उचलते. पण तत्त्व बदलले नाही. जितके एकर अधिक, तितके अनुदान अधिक. मागील उत्पन्नाची कागदपत्रे ज्याच्यापाशी नाहीत, त्याच्या नावे काउंटीसाठी ठरविलेल्या उताऱ्याचा केवळ 65 टक्के हिस्सा धरला जातो. आणि पीक बुडाल्यावर ज्याचा रोजगार बुडतो, त्या शेतमजुरासाठी पीक-भरपाईच्या अर्जात रकानाच नसतो.

यातून निघणारा धडा स्पष्ट आहे. संकट एका हंगामात कोसळते, पण भरपाईचा निकाल कित्येक वर्षे आधीच लागलेला असतो. तो लागतो जमिनीच्या मालकीत, दप्तरातील नोंदीत आणि समितीच्या खुर्चीवर. आपल्याकडेही सातबाऱ्यावर नाव नसलेला तोंडी खंडकरी पंचनाम्याच्या दिवशी आपल्याच पिकात परका ठरतो. पश्चिम बंगालमध्ये 1978 पासून ऑपरेशन बर्गाने वाटेकऱ्यांची नावे सरकारी दप्तरात चढविली. दुष्काळ जाहीर होण्याची वाट न पाहता करावयाचे काम ते हेच. भरपाईचा दर वाढवून मागणे आवश्यकच आहे. परंतु कसणाऱ्याचे नाव नोंदवून घेण्याची आणि मजुराच्या बुडालेल्या रोजगाराची मागणी तिला जोडली नाही, तर वाढलेला दरही मोठ्या जमीनदाराच्याच पदरात पडेल.