वनरक्षकालाही सनद हवी

मुरूडजवळचं फणसाड म्हणजे पूर्वीचं जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान. १९८६ पासून ते अभयारण्य आहे. तिथे शेकरू मारणारा सापडला, तर पहिला पंचनामा बहुधा वनरक्षकच लिहितो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यातल्या कलम ५० नुसार वनाधिकाऱ्यांना झडती, जप्ती, अटकेचे अधिकार आहेत. पण जप्त मालावर मोहोर नाही, पंचांच्या सह्या मागाहून घेतल्या, एवढ्यावरही आरोपी सुटू शकतो.

खाडीकाठी तर काम आणखी नाजूक. कांदळवनं तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली, २०१८ च्या निकालात ती कायम केली. पण बांध घालून भरतीचं पाणी अडवलं, की तिवरं कुऱ्हाडीवाचूनच मरतात! अशा वेळी पंचनाम्यात तुटलेली झाडं मोजून काय उपयोग? बांध कुठे, उघाडी कुणी बुजवली, हे लिहायला हवं.

वनरक्षकाचं प्रशिक्षण खात्यातच होतं. माझं म्हणणं, त्यानंतर खात्याबाहेरच्या परीक्षकांसमोर त्याच्याकडून पंचनामा लिहून घ्यावा, उलटतपासणी घ्यावी आणि मगच प्रमाणपत्र द्यावं. वकिलाला सनद लागते. ज्याच्या कागदावर सरकारी वकील उभा राहतो, त्याला का नको? मात्र पगारवाढ या प्रमाणपत्राशी जोडावी. रात्रीची गस्त घालणाऱ्यावर नुसती आणखी एक परीक्षा लादू नये.