जुन्या खतावणीचा दुभाषी



बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांना हिशेबाची सवय जुनी आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, पाण्यामागून ऊस आला, माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. जेथे ऊस तेथे नोंद, आणि जेथे सोसायटी तेथे खतावणी. पुढे गावोगावच्या संस्थांचे असे हिशेब संगणकात जाऊ लागले. त्यातल्या सर्वांत जुन्या हिशेबांविषयी आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

तुमच्यापैकी काहींना तो काळा पडदा आठवत असेल. त्यावर चित्र नाही, हाताशी माऊस नाही. नुसती एक खूण लुकलुकत असे. तिच्यापुढे हुकूम टंकायचा, एंटर दाबायचे, की यंत्र कामाला लागले. ही १९८१ साली आलेली डॉस. तिच्यावर डीबेस आणि फॉक्सप्रो यांच्या साहाय्याने खतावणीचे प्रोग्रॅम लिहिले जात. प्रोग्रॅम साधे, पण कामाला चोख.

आता होते काय, की जुने यंत्र बंद पडते, संस्था नवे घेते, जुना प्रोग्रॅम त्यात उतरवते, आणि यंत्र सांगते, ‘हा प्रोग्रॅम येथे चालणार नाही.’ मग कोणी म्हणते, जुने आहे, टाकून द्या. इथेच थांबावे. त्यात सभासदाचा भाग आहे, कर्जाची फेड आहे, मयत सभासदाच्या वारसाचा हक्क आहे.

पण यंत्र नाही का म्हणते? डॉसचे प्रोग्रॅम सोळा बिटांच्या भाषेत लिहिलेले. विंडोज ९५ आणि ९८ यांच्या तळाशी डॉसच होती, म्हणून तेव्हा अडले नाही. २००१ साली विंडोज एक्स्पी आली, तिचा पाया निराळा. तरी तिने पोटात एक दुभाषी ठेवला होता. बत्तीस बिटांच्या विंडोजमध्ये तो थेट विंडोज १० पर्यंत मिळत असे. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये मात्र तो नाही. आणि २०२१ साली आलेली विंडोज ११ फक्त चौसष्ट बिटांचीच आहे. विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभालही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नव्या विंडोजमध्येही काळी खिडकी उघडते, जुने काही हुकूम तीत चालतातही; पण ती डॉस नव्हे.

आपल्या घरच्या पेटीत मोडी कागद असतो. कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारा तेवढा नाही. म्हणून आपण तो चुलीत घालत नाही. मोडी वाचणारा गाठतो आणि बाळबोधीत उतरवून घेतो. संगणकातल्या जुन्या खतावणीचेही तसेच आहे.

तिचा वाचणारा म्हणजे डॉसबॉक्स. २००२ पासून फुकट मिळणारा हा प्रोग्रॅम नव्या यंत्राच्या आत जुन्या यंत्राचे सोंग उभे करतो. जुन्या प्रोग्रॅमला वाटते, आपण आपल्याच घरी आहोत. माउंट हा हुकूम देऊन जुना फोल्डर त्याला दाखवायचा, की काळा पडदा पुन्हा उजळतो. मात्र डॉसबॉक्स मुळात जुन्या खेळांसाठी केलेला आहे. छपाईची सोय त्यात नाही. ती हवी तर डॉसबॉक्स-एक्स हे त्याचे भावंड पाहावे. रोजचा व्यवहार यावर चालवू नये. जुने दप्तर वाचावे आणि उतरवून घ्यावे, एवढ्यापुरता तो उत्तम.

एक अडचण खास आपली आहे. डॉसला मुळात मराठी येत नव्हते. कानपूरच्या आय. आय. टी. त सुरू झालेले जिस्ट तंत्र पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. त्याचे कार्ड यंत्रात बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. ही अक्षरे इस्की नावाच्या संकेतात साठवत. त्याचे भारतीय मानक १९९१ साली ठरले. नव्या यंत्रात त्या जुन्या कार्डाला खाचच नाही. म्हणून आकडे नीट दिसतात, आणि सभासदाच्या नावाजागी चित्रविचित्र खुणा येतात. घाबरू नये, नाव पुसलेले नाही. आजच्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे, त्यामुळे इस्कीतले नाव युनिकोडमध्ये आणता येते. दुसरा संकेत वापरला असेल, तर तो आधी ओळखावा लागतो.

तेव्हा संस्थेच्या पंचांनी एवढे करावे. आधी जुन्या फोल्डरच्या दोन नकला काढून वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात, आणि काम नकलेवरच करावे. डीबीएफ जातीच्या फाइली लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये सरळ उघडतात. तेथून त्या नव्या रूपात साठवाव्यात. मग ताळा पाहावा: सभासदांची संख्या, भागांची बेरीज, येणे बाकी, तिन्ही जुन्या पडद्यावरच्या आकड्यांशी जुळली पाहिजेत. वर्ष दोनच आकडी असेल, तर २६ म्हणजे १९२६ की २०२६, हे तपासावे. आणि ज्या कारकुनाने हा प्रोग्रॅम वर्षानुवर्षे चालवला, त्याच्याकडून हुकूम आणि कळा कागदावर लिहून घ्याव्यात, त्याच्या निवृत्तीच्या आधी. यंत्र विकत मिळते, ही माहिती मिळत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. १९९४ पासून चालत आलेली फ्रीडॉस ही मोफत प्रणाली शाळेच्या जुन्या यंत्रावर घालून पाहा. हुकूम दिला तर काय होते आणि एक अक्षर चुकले तर काय होते, हे मुलांना तेथे स्वच्छ दिसते.

गावच्या खतावणीत प्रत्येक घराचे एक पान असते. ते पान वाचता येईल अशा रूपात पुढच्या पिढीच्या हाती द्यावे, एवढेच सांगायचे होते.