कल्पना सुचते कशी?
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी भरलेल्या सभेत दिलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी गत वर्षांचे सिंहावलोकन करण्याची आपली चाल आहे, व ती योग्यच आहे. परंतु मागे पाहून झाल्यावर पुढे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहतो, आणि तेथे आपली सभा बहुधा गप्प होते. ‘आम्हांस काही सुचत नाही,’ असे आपण म्हणतो, आणि सुचणे ही मोजक्या बुद्धिमंतांस लाभलेली देणगी आहे असे समजून स्वस्थ बसतो. हा समज खरा नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. सुचणे हे पुष्कळ अंशी काम आहे. प्रत्येक कामास रीत असते, तशी ह्यासही आहे. आणि तिचे धडे घेण्यास आपणांस फार दूर जावयास नको.

पहिली रीत प्रश्न फिरवून विचारण्याची. बीड शहराजवळची खजाना विहीर आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळी, सोळाव्या शतकात, सलाबतखानाने ती बांधविली. तिचा स्थपती म्हणून राजा भास्कर ह्याचे नाव सांगतात. विहीर म्हटली की पाणी वर कसे ओढावे, हाच प्रश्न आपल्या मनात येतो, आणि त्याचे उत्तर मोट किंवा पंप. परंतु येथे पाणी वर ओढलेच नाही. भुयारी मार्गांनी ते विहिरीत येते आणि दुसऱ्या भुयारी मार्गाने, जमिनीच्या उताराचा लाभ घेऊन, आपल्या आपण खालच्या शेतांकडे जाते. ‘पाणी शेतापर्यंत कसे चढवावे?’ हा प्रश्न सोडून ‘पाणी आपण होऊन कोठे उतरेल?’ असा प्रश्न धरला, तेव्हाच हे काम साधते. उत्तर सापडत नसेल तर पुष्कळदा बुद्धी उणी नसते. प्रश्नच उलट्या तोंडाने उभा असतो.

दुसरी रीत विचार डोळ्यांसमोर पसरून मांडण्याची. अंबाजोगाईचे दासोपंत (1551–1615) ह्यांची पासोडी प्रसिद्ध आहे. पंचमहाभूतांचा विचार सांगणारे आपले ‘पंचीकरण’ त्यांनी सुमारे 40 फूट लांब व 4 फूट रुंद अशा कापडावर, आकृत्यांसह लिहिले. पोथीचे एक पान उलटले की मागचे दृष्टीआड होते. पासोडीवर मात्र सर्व विषय एकदम दिसतो, आणि कशाचा कशाशी संबंध आहे हे डोळा आपोआप शोधू लागतो. दासोपंतांस लेखनासाठी रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. तिचा अर्थ ध्यानी घेण्यासारखा आहे. पुष्कळ लिहिणाऱ्याच्या हातूनच थोडे उत्तम उतरते. पहिल्या दोनतीन कल्पना बहुधा सर्वांस ठाऊक असलेल्याच निघतात. खरी नवी कल्पना दहावी किंवा पंधरावी असते, व तिच्यापर्यंत जाण्याचा धीर आपल्यापाशी नसतो.

तिसरी रीत एका ठिकाणचे साधन दुसऱ्या ठिकाणी योजण्याची. दासोपंत निवर्तले त्याच्या पुढच्याच वर्षी, 1616 साली, गोव्यात राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. हा इंग्रज जेज्वित 1579 साली गोव्यास आला. येथील लोक पुराण ऐकत वाढलेले, आणि ओवी त्यांच्या कानात बसलेली. बायबलमधील कथा त्यांस सांगावयाची तर त्यासाठी परका साचा आणावा कशाला? फादरांनी पुराणाची चाल आणि ओवीचा छंद उचलला व सुमारे 11,000 ओव्यांत सारी कथा मांडली. ओवी त्यांनी निर्माण केली नाही, कथाही नाही. दोहोंची गाठ मात्र त्यांनी घातली. नवी कल्पना म्हणजे बहुधा जुन्या दोन वस्तूंची अशी नवी सोयरीकच होय. आणि ती जमण्यापूर्वी त्यांनी कित्येक वर्षे ही भाषा शिकण्यात घालविली, हेही विसरता कामा नये.

ह्या तीन रीतींस एक पथ्य जोडावयाचे आहे. अमेरिकेतील ऑस्बर्न नावाच्या गृहस्थाने 1953 च्या आपल्या ग्रंथात आग्रहाने सांगितले की, कल्पना काढणे आणि कल्पना पारखणे ही दोन कामे एकाच वेळी करू नयेत. आपल्या सभेत एखादा तरुण उठून काही बोलतो न बोलतो, तोच कोणी वडीलधारे म्हणतात, ‘ते होणार नाही.’ त्या एका वाक्याने त्याचीच नव्हे, तर मागे बसलेल्या दहा जणांची तोंडे बंद होतात. प्रथम पेरणी, मग खुरपणी. कोंब वर येण्यापूर्वी खुरपे चालविणारा शेतकरी कोणी पाहिला आहे काय? उलटपक्षी, खुरपणी मुळीच न करणाऱ्याचे शेतही तणातच जाते. म्हणून पारख केलीच पाहिजे, परंतु तिच्या वेळी.

आता ह्या रीती आपल्या घरच्या प्रश्नास लावून पाहू. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीस माणसे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोचा एक कोयता धरला जातो, आणि बिऱ्हाडाबरोबर मुलेही जातात. वर्गातील त्यांची जागा रिकामी पडते. पाडव्याच्या आगेमागे मूल परत येते तेव्हा धडे पुढे गेलेले असतात, आणि दोनतीन हंगामांनंतर त्या मुलाच्याच हाती कोयता येतो.

‘मुलाने शाळेत कसे यावे?’ एवढेच विचारीत बसलो तर उत्तर मिळत नाही. प्रश्न फिरविला व ‘शाळेने मुलाकडे कसे जावे?’ असे विचारले, तेव्हा कारखान्याच्या आवारातील साखरशाळा सुचली. पुन्हा फिरविला, ‘आईबाप गेले तरी मूल गावात कसे राहील?’ आणि हंगामी वसतिगृह सुचले. ह्या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रात प्रत्यक्ष झाल्या आहेत. परंतु कल्पना सुचली म्हणजे काम संपले असे नव्हे. रात्री मुलांजवळ कोण राहील? वयात आलेल्या मुलीस आई कोणाच्या भरवशावर ठेवील? तान्ह्या भावंडास सांभाळण्यासाठी जी मोठी मुलगी बरोबर नेली जाते, तिचे काय? असा एकेक प्रश्न कल्पनेस विचारीत गेले म्हणजे ती वाढते, आणि ज्या कल्पनेस असे प्रश्न कोणी विचारीत नाही ती कागदावरच वाळून जाते.

म्हणून माझी एक सूचना आहे. यंदा दसऱ्यापूर्वी एक सभा बोलवावी. जी कुटुंबे तोडीस जातात, त्यांस त्या सभेत पुढच्या रांगेत बसवावे. कारण ज्याच्या पायात काटा आहे त्यालाच तो नेमका कोठे आहे हे ठाऊक असते. भिंतीवर पासोडीसारखा लांब कागद लावावा आणि अर्ध्या तासात वीस उत्तरे त्यावर लिहावीत. तेवढा वेळ ‘होणार नाही’ हे शब्द कोणी उच्चारू नयेत. मग आठवडाभर तो कागद तेथेच राहू द्यावा, कारण पडताळून पाहण्यापूर्वी विचारास मुरावयास अवधी लागतो. पुढच्या रविवारी वीसांतून दोन निवडाव्यात, आणि त्या कोण, कधी व किती खर्चात करील हे नावानिशी लिहून ठेवावे.

त्या वीसांपैकी अठरा फुकट गेल्या तरी चिंता नाही. उरलेल्या दोहोंमुळे एखाद्या वर्गातील चार जागा मार्गशीर्षातही भरलेल्या राहिल्या, तर ह्या महोत्सवाचे चीज झाले असे मी समजेन.