जॅझच्या तबकड्या : जुन्या आणि नव्या

कॉम्पॅक्ट डिस्क आली तेव्हां काळ्या तबकडीचें आयुष्य संपलें, असें बहुतेकांनीं गृहीत धरलें होतें. तें खरें ठरलें नाहीं. आज मुंबई-पुण्याच्या दुकानांत तबकड्या पुन्हा मांडलेल्या दिसतात, आणि त्यांत अमेरिकन जॅझच्या साठ-सत्तर वर्षांपूर्वींच्या वादनाच्या नव्या आवृत्त्या पुष्कळ असतात. एकेका चांगल्या आवृत्तीला कांहीं हजार रुपये पडतात. तेंच वादन भ्रमणध्वनीवर जवळजवळ फुकट ऐकावयास मिळत असतां हा खर्च कशासाठीं, असें घरांतील माणसांनीं विचारलें तर तें रास्तच म्हटलें पाहिजे. या प्रश्नाचें उत्तर सरसकट 'होय' असेंही नाहीं आणि 'नाहीं' असेंही नाहीं.

प्रथम ही वस्तु तयार कशी होते तें पाहूं जावें. १९४८ सालीं कोलंबिया कंपनीनें मिनिटाला तेहतीस व एक-तृतीयांश फेरे घेणारी दीर्घ तबकडी बाजारांत आणली. त्याच सुमारास ध्वनिमुद्रण चुंबकीय फितीवर होऊं लागलें. फितीवरचा आवाज लॅकरचा लेप दिलेल्या पत्र्यावर खांचेच्या रूपानें कोरतात; त्या पत्र्यावर धातूचा मुलामा चढवून साचे घेतात; आणि साच्यांत प्लॅस्टिक दाबलें कीं तबकडी निघते. तेव्हां नव्या आवृत्तीसंबंधीं विचारावयाची मुख्य गोष्ट ही कीं, कोरणाऱ्यानें यंत्रावर चढविली ती फीत कोणती? वेष्टनाची चकाकी किंवा तबकडीचें वजन यांना दुय्यम महत्त्व आहे. 'एकशें ऐंशी ग्रॅम' हे शब्द जाहिरातींत मोठ्या अक्षरांत छापतात. परंतु जाड तबकडी फार तर वांकण्यास थोडी नाखूष असते, वजनानें आवाज सुधारत नाहीं.

जुनें तें अस्सल व नवें तें नक्कल, ही समजूत पुष्कळांची असते. तिला सर्वांत चांगलें उत्तर माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या प्रसिद्ध तबकडीनेंच दिलें आहे. हें वादन न्यूयॉर्कमध्यें १९५९ च्या २ मार्चला व २२ एप्रिलला मुद्रित झालें. मार्चच्या बैठकींत मुख्य यंत्राची फीत योग्य वेगापेक्षां किंचित् हळू फिरत होती. हळू फिरलेली फीत पुढें योग्य वेगानें वाजविली कीं सूर चढतो. आणि तसाच तो चढला. पहिल्या बाजूचीं तिन्ही वादनें चढ्या सुरांत जगभर विकलीं गेलीं. तबकडीबरोबर आपलें वाद्य मिळवूं पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना सूर जुळेना. सुदैवानें त्या दिवशीं दुसऱ्या यंत्रावरही फीत चालू ठेवली होती व तिचा वेग बरोबर होता. तिच्यावरून १९९२ सालीं दुरुस्ती झाली. म्हणजे १९५९ ची पहिली आवृत्ति जो मोठ्या किंमतीला घेतो तो चुकीचा सूरही विकत घेतो, आणि सुधारलेली नवी प्रत घेणाऱ्यास माइल्सनें वाजविला तोच सूर ऐकूं येतो!

ब्लू नोट कंपनीची गोष्ट निराळी. तिचीं उत्तमोत्तम मुद्रणें रूडी व्हॅन गेल्डर या गृहस्थानें केलीं. दिवसा हा डोळे तपासून चष्म्याचे नंबर देई आणि उरल्या वेळांत न्यू जर्सींतील हॅकेनसॅक येथें आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यांत मुद्रण करी. १९५९ सालीं एंगलवुड क्लिफ्स येथें त्यानें स्वतंत्र वास्तु उभारली. जॉन कोल्ट्रेनचें १९५७ मधील 'ब्लू ट्रेन' त्या दिवाणखान्यांतलेंच. पुढें लॅकरवर खांचही व्हॅन गेल्डर स्वतःच कोरीत असे. पण त्या काळच्या घरगुती यंत्रांची सुई जोरदार खर्जानें उडे, म्हणून त्यानें खर्ज आंवरून धरला. त्याची अडचण व्यवहाराची होती. त्याच्या कानाचा त्यांत दोष नव्हता. आज केव्हिन ग्रे हा कारागीर त्याच फिती घेऊन पुन्हा कोरतो तेव्हां फितीवर असलेला खर्ज मोकळा होतो. २०१९ सालीं सुरू झालेली 'टोन पोएट' माला आणि तिच्यापेक्षां स्वस्त अशी 'क्लासिक' माला या दोन्हींत त्याचेंच काम आहे. महाग मालेंत वेष्टन अधिक थाटाचें असतें. ज्याला केवळ ऐकावयाचें आहे त्यानें स्वस्त माला घ्यावी.

याउलट जुन्या प्रतीच्या बाजूनेंही एक वजनदार गोष्ट आहे. ती कोरली तेव्हां फीत ताजी होती. फितीवरची चुंबकीय भुकटी कालानें झिजते व अगदीं बारीक, उंच स्वर आधीं जातात. कांहीं फिती तर उरल्याच नाहींत. १ जून २००८ रोजीं हॉलिवूडमधील युनिव्हर्सलच्या आवारांत लागलेल्या आगींत फितींचें एक कोठार जळालें. म्हणून जुन्या प्रतीचा शोध वेडेपणाचा नव्हे. परंतु हँक मोब्लेच्या १९५७ च्या एका तबकडीच्या पहिल्या प्रतीस हजारो डॉलर पडतात, त्यांत संगीताचें मोल थोडें आणि दुर्मिळतेचें फार.

आतां फसगतीचें. युरोपांत ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत पूर्वीं पन्नास वर्षें होती. ती २०१३ मध्यें सत्तर झाली. पण १९६२ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेलीं मुद्रणें त्यापूर्वींच मोकळीं झालीं होतीं. जॅझचा बहराचा काळ नेमका हाच! त्यामुळें तेथें कोणीही बाजारांतल्या कॉम्पॅक्ट डिस्कवरून तबकडी काढूं शकतो. कायद्यानें त्यांत गुन्हा नाहीं. मात्र वादकाच्या वारसांना त्यांतून कांहीं पोहोंचण्याची सक्ति नाहीं, आणि घेणाऱ्याला मिळतें तें कॉम्पॅक्ट डिस्कचेंच संगीत, वर सुईची खरखर. अशी तबकडी स्वस्त असली तरी महागच. वेष्टनावर मूळ फितीचा व कोरणाऱ्याच्या नांवाचा उल्लेख नसेल तर ती खालीं ठेवावी.

उल्लेख असला तरी अंध विश्वास नको. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या आवृत्त्या निव्वळ फितीवरून होतात अशी ग्राहकांची श्रद्धा होती. २०१२ च्या आधींपासूनच पुष्कळ आवृत्त्यांत मध्यें एक डिजिटल पायरी असे, हें २०२२ सालीं उघड झालें. प्रकरण न्यायालयांत गेलें. गमतीची गोष्ट ही कीं, आपल्या कानांची प्रौढी मिरविणारे रसिक इतकीं वर्षें त्याच तबकड्यांची वाखाणणी करीत होते. कंपनीनें सांगावयास हवें होतें, यांत शंका नाहीं. पण पायरी डिजिटल असली म्हणजे आवाज नासलाच, हें मत त्या दिवसापासून फारसें ठामपणें मांडतां येत नाहीं.

कांहीं वादनांना तर जुनी प्रत ही गोष्टच नाहीं. वेन शॉर्टरचें 'एट् सेटेरा' १९६५ सालीं मुद्रित होऊन पंधरा वर्षें कोठारांत पडून होतें. १९८० सालीं तें प्रथम प्रसिद्ध झालें. अशा ठिकाणीं नवी आवृत्ति निःशंक घ्यावी.

मुंबईकरानें आणखी एक हिशेब करावा. चोरबाजारांत जुनी परदेशी तबकडी कधींमधीं हातीं लागते, पण अनेक पावसाळ्यांची बुरशी तिच्या खांचांत बसलेली असते. धुतली तरी ती सारी निघतेच असें नाहीं. मुंबईचाही जॅझशीं जुना संबंध आहे. १९३० नंतरच्या दशकांत ताजमहाल हॉटेलांत अमेरिकन निग्रो वादकांचे ताफे वाजवीत, आणि त्यांच्याबरोबर गोंयकार वादक तयार झाले. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे 'चिक चॉकलेट', हा त्यांतला नामांकित कर्णेवाला, सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या 'अलबेला'च्या संगीतांतही त्याचा हात होता. त्याच्या ताफ्याच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या आज क्वचितच दृष्टीस पडतात. त्यांची नवी आवृत्ति जर कोणीं काढली, तर ती एखाद्या घासलेल्या लाखेच्या तबकडीवरूनच, संगणकानें खरखर काढून, करावी लागेल. तेथें फीत कोणती असा प्रश्न विचारूं नये. ती तबकडी घ्यावी.