अभ्यासाची खूण मेंदूत उमटते
(देवस्थानच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेसाठी विषयाची निवड कार्यवाहांनी माझ्यावरच सोपविली. मी वैद्य नव्हे, शास्त्रज्ञ तर नव्हेच. लिसेवमध्ये शिकलेला आणि पुढे सारे आयुष्य कचेरीच्या दप्तरांत घालविलेला मी एक कारकून. परंतु कोणता कागद कोणत्या गठ्ठ्यात आहे हे ध्यानात ठेवणे हाच ज्याच्या पोटापाण्याचा व्यवसाय होता, त्याला स्मरणशक्तीविषयी कुतूहल वाटावे हे स्वाभाविक आहे. वर्षानुवर्षे घोकलेली विद्या शरीरात कोठे राहते आणि तिची काही खूण मागे उरते काय, या प्रश्नाचे उत्तर एका विदुषीने कसे शोधले, ते आज आपणांपुढे ठेवण्याचा विचार आहे.

जिवंत माणसाचा मेंदू पाहणे ही पूर्वी जवळजवळ अशक्य गोष्ट होती. कवटी उघडल्यावाचून आत दृष्टी पोचत नसे. आम्हां पोर्तुगीज शिकलेल्यांना एगाश मोनिझ हे नाव परिचित आहे. या वैद्याने १९२७ साली लिस्बन येथे मेंदूच्या रक्तवाहिन्यांत क्ष-किरणांना दिसेल असे द्रव्य सोडून त्यांचे चित्र घेतले. ते मोठेच पाऊल होते. पण त्यात दिसत होत्या त्या रक्तवाहिन्या, खुद्द मेंदू नव्हे. तो स्पष्ट दिसू लागला चुंबकीय अनुनादाच्या यंत्रामुळे, ज्याला आपण सर्वजण एम.आर.आय. म्हणतो. या शोधाबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या यंत्राचे तत्त्व थोडक्यात असे. आपल्या शरीरात पाणी विपुल आहे आणि पाण्यात हायड्रोजनचे अणू आहेत. रुग्णालयातील यंत्राचे चुंबक साधारणतः दीड ते तीन टेस्ला शक्तीचे असते; दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. अशा चुंबकाच्या पोटात शिरल्यावर त्या अणूंची केंद्रके चुंबकाच्या दिशेशी जुळू लागतात. मग रेडिओच्या लहरींनी त्यांना क्षणभर ढळविले की पूर्वस्थितीला येताना ती स्वतःच बारीक संदेश सोडतात. निरनिराळ्या ठिकाणच्या संदेशांतील फरकावरून संगणक चित्र तयार करतो. यात क्ष-किरण नाहीत. म्हणून निरोगी माणसालाही, पुन्हापुन्हा, तपासता येते. आपल्या आजच्या कथेत या शेवटच्या गोष्टीला फार महत्त्व आहे.

मेंदूत कानशिलांच्या आतील बाजूस, उजवीकडे एक व डावीकडे एक, असे दोन लहानसे अवयव आहेत. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून त्यांस ग्रीक शब्दावरून हिप्पोकॅम्पस असे नाव पडले. अमेरिकेत १९५३ साली हेन्री मोलायसन नावाच्या तरुणाची अपस्मार बरा करण्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि तीत दोन्ही बाजूंच्या या अवयवांचा बराच भाग काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले; पण त्यानंतर २००८ साली मृत्यू येईपर्यंत घडलेली नवी गोष्ट त्याच्या स्मरणात टिकेना. पुढे १९७१ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जॉन ओकीफ यांनी उंदरांच्या याच अवयवात अशा पेशी दाखविल्या, की ज्या प्राणी विशिष्ट जागी आला की जाग्या होतात. म्हणजे स्मरण आणि वाट या दोहोंचा संबंध या एकाच स्थानाशी निघाला.

याच कॉलेजात एलिनॉर मॅग्वायर या आयरिश विदुषी संशोधन करीत होत्या. त्यांचा जन्म १९७० साली डब्लिनला झाला. स्वतःला दिशांचे भान अगदी बेताचे आहे, असे त्या मोकळेपणाने सांगत. रस्ते लक्षात ठेवणारांचा मेंदू पाहावा असे त्यांनी ठरविले आणि त्यासाठी माणसे निवडली ती लंडनचे टॅक्सीवाले.

ही निवड का केली, ते समजून घेतले पाहिजे. लंडनच्या काळ्या टॅक्सीचा परवाना मिळविण्यासाठी १८६५ पासून एक परीक्षा चालत आली आहे. तिला तेथे नुसते 'नॉलेज', म्हणजे 'ज्ञान', म्हणतात. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातील सुमारे २५,००० रस्ते आणि त्यांवरील असंख्य ठिकाणे उमेदवाराला मुखोद्गत असावी लागतात. तो दुचाकीवर नकाशा लावून उन्हापावसात गल्लीबोळ पालथे घालतो. परीक्षक दोन ठिकाणे सांगतो आणि समोर बसलेल्या उमेदवाराने नकाशा न पाहता जवळचा मार्ग वळणावळणाने सांगायचा. यात साधारणतः तीन-चार वर्षे जातात आणि पुष्कळजण मध्येच सोडून देतात. आपल्याकडे गुरूजवळ बसून संथा घेणाऱ्या विद्यार्थ्याची आठवण व्हावी, असाच हा प्रकार आहे.

सन २००० मध्ये मॅग्वायर बाईंनी १६ टॅक्सीवाल्यांच्या मेंदूंची चित्रे इतर पुरुषांच्या चित्रांशी ताडून पाहिली. टॅक्सीवाल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा आढळला आणि ज्याचा धंदा जितका जुना, तितका तो अधिक मोठा. कोणी म्हणेल, दिवसभर गाडी हाकल्यानेच असे होत असेल. म्हणून २००६ साली त्यांनी ठरलेल्या मार्गावर गाडी नेणाऱ्या बसचालकांशी तुलना केली. तेवढीच वर्षे गाडी चालवूनही बसचालकांत हा फरक दिसला नाही.

तरीही एक शंका उरतेच. ज्यांचा हा भाग जन्मतःच मोठा, तेच या धंद्यात टिकत असतील तर? या शंकेचे निरसन करण्यासाठी बाईंनी आपल्या सहकारी कॅथरिन वुलेट यांच्यासह ७९ उमेदवारांचे मेंदू शिक्षणाच्या आरंभीच पाहून ठेवले. तेव्हा त्यांच्यात आणि इतरांत काही फरक नव्हता. पुढे ३९ जण उत्तीर्ण झाले. काही वर्षांनी पुन्हा चित्रे घेतली, तेव्हा वाढ दिसली ती उत्तीर्ण झालेल्यांतच. परीक्षेत न टिकलेल्यांत नाही. उत्तीर्णांनी दर आठवड्याला अभ्यासही जास्त तास केला होता. २०११ साली हे प्रसिद्ध झाले. ही सारी प्रौढ माणसे होती हे ध्यानात घ्यावे. पोरवय सरल्यावर मेंदूचा आकार कायमचा ठरतो, ही जुनी समजूत त्यामुळे मागे पडली.

मात्र हा लाभ फुकटचा नाही. अनुभवी टॅक्सीवाल्यांचा हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग इतरांपेक्षा लहान निघाला आणि एखादी नवी गुंतागुंतीची आकृती पाहून काही वेळाने स्मरणाने काढावयास सांगितली, तर ते मागे पडले. एका बाजूस जमा तर दुसऱ्या बाजूस खर्च, हा आम्हां कारकुनांच्या खतावणीतला नियम निसर्गालाही चुकलेला नाही.

आता आपल्या अगदी जवळचा विषय. हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात जेम्स हार्टझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुक्ल यजुर्वेद मुखोद्गत असलेल्या २१ वैदिकांचे मेंदू याच पद्धतीने तपासले आणि तितक्याच इतर माणसांशी ताडून पाहिले. हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. भाषा आणि स्मरण यांच्याशी संबंधित अनेक भाग वैदिकांत अधिक भरदार आढळले. हे ऐकून आपला ऊर भरून येतो आणि यावा. पण त्यावरून, अमुक मंत्राने बुद्धी वाढते हे विज्ञानाने सिद्ध केले, असे सांगत फिरणे बरे नव्हे. या वैदिकांचे मेंदू शिक्षणापूर्वी कसे होते, ते कोणी पाहिलेले नाही. लंडनला २०११ मध्ये झाली तशी आधीची आणि नंतरची तुलना येथे झालेली नाही. फरक मंत्रामुळे, की बालपणापासून रोज अनेक तास केलेल्या पाठांतरामुळे, की उपजत गुणामुळे, याचा निवाडा त्या चित्रांवरून होत नाही. आपल्या परंपरेचा अभिमान बाळगण्यासाठी अतिशयोक्तीची गरज नाही. पुराव्याबाहेरचे बोलून आपणच तिला हास्यास्पद करतो.

मग आपण यातून घ्यावे काय? माझ्या अल्पमतीला दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी, की विद्येची खूण परीक्षेच्या प्रमाणपत्रावर उमटते, तशी ती मेंदूतही उमटते. आणि मेंदू काही प्रमाणपत्र विचारीत नाही. लंडनचा टॅक्सीवाला कोणत्या विद्यापीठाचा पदवीधर नव्हता. आपल्या देवस्थानात कोणत्या तिथीला कोणती सेवा, पालखी कोठे थांबावयाची, कोणत्या वेळी कोणते वाद्य वाजावयाचे, हे ज्यांच्या मुखात आणि हातात आहे त्या पुजाऱ्यांचा, वाजंत्र्यांचा आणि इतर सेवेकऱ्यांचा विचार करावा. मानपानाच्या याद्यांत त्यांचे नाव शेवटी येते, कधी येतही नाही. त्यांचे ज्ञान नोंदलेले नाही म्हणून ते हलके ठरत नाही. ते नोंदून घेण्याचे आणि त्यांच्या मुलांना शिकविण्याची सोय करण्याचे काम महाजन मंडळाने हाती घ्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे. एक पिढी गेली की हे भांडार परत मिळणार नाही.

दुसरी गोष्ट माझ्या वयाच्या मंडळींसाठी. निवृत्त झालो, आता नवे काय शिकणार, असे आपण सहज म्हणतो. लंडनच्या प्रौढ उमेदवारांनी या म्हणण्याला निदान काही अंशी छेद दिला आहे. आपल्या वयाला तितके फळ मिळेल असे मी म्हणत नाही. परंतु नातवाबरोबर बसून एखादे स्तोत्र, एखादी नवी भाषा किंवा बुद्धिबळाचा डाव शिकावयास हरकत कसली?

मॅग्वायर बाई ४ जानेवारी २०२५ रोजी वयाच्या ५४ व्या वर्षी निवर्तल्या. याच टॅक्सीवाल्यांच्या संशोधनासाठी २००३ साली त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसविणारे आणि मग विचार करावयास लावणारे पारितोषिक, मिळाले होते. लोक हसले असतील. परंतु सामान्य कष्टकऱ्याच्या डोक्यात डोकावून त्यांनी अभ्यासाचे जे माहात्म्य दाखविले, ते विसरण्यासारखे नाही.